आधी प्रश्न, मग मशीन

पोरी, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि नंतर मला झोप लागली नाही. जावईबापूंच्या कंपनीतल्या कुणी सांगितलं की दर सहा महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पेट स्कॅन करून घ्या, म्हणजे काही राहून जायला नको. आणि परळच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलंय: सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, गोळी चालू. बस्स. तू विचारलंस, "मावशी, एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंच? नुसतं हात लावून बघणार?"

अगदी हाच प्रश्न मी २००८ साली विचारला होता. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, केमो संपला होता, आणि डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. इतके दिवस दर तीन आठवड्यांनी सुई, रक्त, रिपोर्ट, आणि एकदम काहीच नाही. गाडीत बसून बोईसरला परत येताना मला वाटलं, आपल्याला वाऱ्यावर सोडलं. उपचार चालू असतात तोवर माणूस कंबर कसून उभं असतं. ते संपले की पाय लटपटायला लागतात. तुझंही तेच झालंय. शेक, म्हणजे रेडिएशन, संपून तुला जेमतेम महिना झालाय. ही भीती खरी आहे, तिला वेडेपणा म्हणू नकोस. पण भीतीवरचा इलाज वेगळा आणि आजारावरची राखण वेगळी. दोन्ही एकाच मशीनकडे मागायला गेलीस तर पैसे जातील आणि भीती जागच्या जागी राहील.

मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं त्या रांगेत बसलेली बाई आहे. म्हणून जे सांगते ते तुझ्या डॉक्टरांसमोर मांड, त्यांना विचार, आणि मग ठरव.

आधी किरणांचा हिशेब सांगते. तुझ्या काकांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात झाली, हे तुला माहीतच आहे. केंद्र सुरू झालं १९६९ साली. परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय त्याच्या कितीतरी आधीचं, १९४१ चं. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. म्हणजे आपल्या दारातली वीज आणि आपली औषधं, दोन्ही एकाच खात्यातली. काका कामावर जाताना शर्टाच्या खिशाला एक छोटा बॅज लावायचे. टीएलडी म्हणायचे त्याला. आत चकत्या असायच्या, ठरावीक मुदतीने तो तपासायला जायचा आणि अंगाला किती किरणं लागली त्याची नोंद व्हायची. तो बॅज घरी विसरला तर काका अर्ध्या वाटेवरून परत आलेले मी पाहिलेत. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ द्यायचा नाही, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाहीच, असा नियम. आणि त्या आकड्याच्या आत असलं तरी काका म्हणायचे, "गरज नसताना कणभरही घ्यायचा नाही. आणि गरज असली तर घाबरायचंही नाही."

माझ्या दुसऱ्या वर्षी मीसुद्धा पेट स्कॅनचा हट्ट धरला होता. तेव्हा काकांनी वही काढली आणि मला समजावून सांगितलं. साखरेसारखं एक द्रव्य किरणोत्सर्गी करून शिरेतून देतात, तासभर पडून राहायचं, मग मशीन. एका पूर्ण पेट-सीटीत यंत्राप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे दहा ते पंचवीस मिलिसिव्हर्ट अंगात जातात. म्हणजे केंद्रातल्या कामगाराला वर्षभरासाठी आखून दिलेली रेघ एका सकाळीच निम्मी तरी गाठली, कधी ओलांडलीही. मॅमोग्राफीचा डोस अर्ध्या मिलिसिव्हर्टच्याही आत. रोग्याला अशी रेघ आखलेली नसते, कारण खरी गरज असली की त्या स्कॅनने होणारा फायदा डोसापेक्षा कितीतरी मोठा असतो. तुझं ऑपरेशन व्हायच्या आधी डॉक्टरांनी जे स्कॅन करायला लावले ते तसेच होते, त्यांच्यावरून उपचार ठरायचे होते. पण दर सहा महिन्यांनी, काहीही दुखत-खुपत नसताना, नुसतं मनाच्या समाधानाला? कामगाराच्या बॅजचा हिशेब ठेवायला माणूस असतो. बाईने दहा ठिकाणी दहा स्कॅन केले तर त्याची बेरीज कोण करतं? तिची तिलाच करावी लागते.

म्हणून पहिला कानमंत्र हा. कुणीही, कितीही मोठ्या माणसाने स्कॅन सुचवला की शांतपणे एकच विचारायचं: "याचा रिपोर्ट चांगला आला तर काय करणार आणि वाईट आला तर काय करणार?" दोन्हींची उत्तरं वेगवेगळी असतील आणि त्याने तुझ्या उपचारात काही बदलणार असेल, तर उद्याच्या उद्या जा, कर्ज काढूनही जा. दोन्हीकडे उत्तर "तसंच चालू ठेवू" असेल, तर तो स्कॅन तुझ्यासाठी नाही.

तू म्हणशील, लवकर कळलं तर बरं नाही का? मलाही तसंच वाटायचं. पण याची परीक्षा झालेली आहे. इटलीत १९९४ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १,३२० बायका होत्या, दुसऱ्यात १,२४३. सगळ्या ऑपरेशन झालेल्या. अर्ध्यांना ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे असल्या जादा तपासण्या. उरलेल्यांना फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी, आणि तक्रार आली तरच पुढचं. काही वर्षांनंतर पाहिलं तर दोन्हीकडच्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. कारण असं की हा आजार स्तनात किंवा काखेत परत आला तर तो लवकर सापडण्याचा उपयोग होतो, तो पुन्हा काढून टाकता येतो. पण हाडात किंवा फुप्फुसात गेला असेल तर तो चार महिने आधी मशीनमध्ये दिसला काय आणि दुखायला लागल्यावर दिसला काय, बहुतेक वेळा औषध तेच मिळतं आणि आयुष्यही तेवढंच. वाढतात ते फक्त काळजीचे चार महिने. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१२ साली डॉक्टरांनाच लेखी बजावलं की बरी झालेली, तक्रार नसलेली स्तनाच्या कॅन्सरची रुग्ण असेल तर पेट, सीटी, हाडांचा स्कॅन आणि रक्तातले मार्कर, सीए १५-३ वगैरे, नेमाने करत बसू नका. आता मशीन सुधारली आहेत, नव्या रक्ततपासण्यांवर संशोधन चालू आहे, उद्या सल्ला बदलेलही. म्हणून दर भेटीला विचारत राहा. आज सल्ला हाच आहे.

त्या इटलीच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांनी बायकांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी सांगितलं, काही होत नसलं तरी आम्हाला वरचेवर तपासा. म्हणजे तू एकटी नाहीस. सात समुद्रापलीकडच्या बायकांचाही जीव असाच टांगणीला लागलेला असतो.

आता आपल्याकडची एक अडचण सांगते, ती त्या परदेशी कागदांत नसते. आपल्याकडे टीबी घरोघरी. लहानपणी कधीतरी होऊन गेलेला, कळलाही नसेल, पण छातीत एखादी गाठ मागे ठेवून गेलेला. पेट स्कॅनला कॅन्सर ओळखता येत नाही, त्याला फक्त कुठे साखर जास्त खपतेय ते कळतं. टीबीची गाठ चमकते, किडलेला दात चमकतो, हिवताप-तापानंतरची सुजलेली ग्रंथी चमकते. आमच्या शेजारच्या एकीने मुलाच्या आग्रहाखातर एका खाजगी ठिकाणी पॅकेजमध्ये स्कॅन केला. छातीच्या मधोमध दोन गाठी चमकल्या. मग सीटी, मग भूल देऊन नळी घालून तुकडा काढला, मग रिपोर्टची वाट. सव्वा महिना त्या घरात चूल पेटली ती नावाला. निघालं काय, तर जुना टीबी. त्या सव्वा महिन्यात तिने तिची रोजची गोळी घेतली नाही, कारण तिला वाटलं आता सगळं संपलंच. स्कॅनने तिचं काय बिघडवलं म्हणशील तर हे.

पण पोरी, याच्या उलट बाजूला जास्त जीव जातात, आणि मला तेच तुझ्या कानात नीट घालायचंय. तक्रार असताना गप्प बसणं. बोईसरच्या सोसायट्यांत जादा स्कॅन होतात आणि जव्हार-विक्रमगडकडच्या बाया ऑपरेशननंतर एकदाही परत जात नाहीत. दोन टोकं एकाच जिल्ह्यात. आमच्याकडे सुकी मासळी घेऊन येणारी एक बाई होती, माझ्यानंतर तीन वर्षांनी तिचं ऑपरेशन झालं. तिची पाठ दुखायला लागली. एकाच जागी, मणक्यावर, रात्री जास्त. ती म्हणायची टोपली उचलून दुखते. मी विचारलं किती दिवस, तर म्हणाली शिमग्यापासून. तेव्हा आषाढ चालू होता. शेवटी पायातली ताकद गेल्यावर मुलांनी नेलं. तिला तो स्कॅन शिमग्यात हवा होता. तेव्हा तो एक स्कॅन तिच्या दोन्ही पायांच्या मोलाचा होता.

म्हणून हे पाठ कर. नवीन दुखणं, एकाच जागी, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं, विश्रांतीने न जाणारं, रात्री जाग आणणारं: सांगायचं. ऑपरेशनच्या व्रणावर, काखेत, गळ्याच्या हाडाच्या वर नवी गाठ किंवा लाल पुरळ: सांगायचं. कोरडा खोकला जात नाही, जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तो दम लागतो, वजन कारण नसताना उतरतंय, भूक मेली, डोळे पिवळे, पोट फुगलंय: सांगायचं. डोकेदुखीबरोबर उलट्या, फिट, बोलताना जीभ अडखळणं, पायात मुंग्या येऊन ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांत दोन आठवडे नाहीत, दोन तासही नाहीत, त्याच दिवशी निघायचं. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे म्हणून थांबायचं नाही. तारीख ही बऱ्या माणसासाठी असते. आणि सर्दी झाली, एक दिवस कंबर धरली, याला घाबरायचंही नाही. त्यासाठीच तो दोन आठवड्यांचा धडा.

आणि "नुसतं हात लावून बघणार" म्हणालीस ना, त्या हाताची किंमत सांगते. टाटाच्याच डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं एक मोठं काम केलं. दीड लाखावर बायका. अर्ध्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. मशीन नाही, फिल्म नाही. २०२१ साली निकाल छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. ते काम आजार माहीत नसलेल्या बायकांत तो शोधण्याचं होतं, आपल्यासारख्यांच्या तपासणीचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाचल्यापासून डॉक्टर व्रणावरून बोटं फिरवतात तेव्हा मी घाई करत नाही. ब्लाउज पूर्ण काढते, दोन्ही हात वर करते, गळ्यापाशी आणि काखेत बघायला सांगते. तूही लाजू नकोस. पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा, अशी साधारण रीत आहे. तुझी गाठ हार्मोनवाली आहे, ती दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकते. म्हणून पाच वर्षं झाली की पेढे वाटून फाईल माळ्यावर टाकायची नाही.

मॅमोग्राफीत कसूर नको. तुझा स्तन वाचवलाय, म्हणून दोन्ही बाजूंची. माझ्यासारखा पूर्ण काढला असेल तर उरलेल्या बाजूची. शेक संपल्यापासून निदान सहा महिने जाऊ दे, त्याआधी सूज असते, फिल्म नीट वाचता येत नाही. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नकोस, दाबताना फार दुखतं. त्या दिवशी पावडर, डिओ काही लावायचं नाही, त्याचे कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन दिसतात. शक्यतो दरवर्षी त्याच जागी कर, आणि कुठेही केलीस तरी जुन्या फिल्मा आणि सीडी बरोबर ने. वाचणारा डॉक्टर कालच्या फिल्मशी आजची ताडून बघतो, तिथेच खरं कळतं. नुसता नवा रिपोर्ट म्हणजे एका पानाची पोथी. सोनोग्राफी जोडीला सांगितली तर कर, तरुण बायकांत स्तन दाट असतो म्हणून सांगतात. एमआरआय सगळ्यांना नसतो. तुझं वय त्रेचाळीस, आणि तुझ्या आईच्या आत्यालाही झाला होता, तेव्हा जीनची तपासणी करायची का हे एकदा स्पष्ट विचार. ते तुझ्यापेक्षा तुझ्या मुलीसाठी जास्त महत्त्वाचं.

आता गोळी. टॅमॉक्सिफेन दिसायला एवढीशी, आणि किंमतही फार नाही, म्हणून तिला कुणी मान देत नाही. हजारो बायकांचे आकडे एकत्र करून पाहिलं तेव्हा हार्मोनवाल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं ही गोळी घेतलेल्यांत पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी दिसले. कुठल्या स्कॅनने इतकं दिलंय? काहींना दहा वर्षंही देतात, ते डॉक्टर ठरवतील. मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री गोळी घेतली की पेनने टिंब करायची. घाम येतो, अंगातून वाफा निघतात, रात्री चादर भिजते, चिडचिड होते, हे सगळं होईल. सांग, उपाय आहेत. पण मनाने बंद करू नकोस. अंगावरून जास्त किंवा अवेळी जायला लागलं, पाळी गेल्यानंतर डाग जरी दिसला, तर लगेच दाखव. पोटरी एका बाजूची सुजून दुखली किंवा एकाएकी श्वास लागला तर ताबडतोब. मेडिकलवाल्याकडून परस्पर काही घ्यायचं नाही. उदासपणावरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा जोर कमी होतो. काढा-चूर्ण घेत असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. आणि या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तांबी चालते, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. पुढेमागे दुसरी गोळी, लेट्रोझोल वगैरे, सुरू केली तर हाडं ठिसूळ होतात. मग हाडांच्या घनतेची तपासणी लागते, डेक्सा म्हणतात. हाडांच्या स्कॅनशी तिची गल्लत करू नकोस. ही आजार शोधत नाही, हाडं किती मजबूत आहेत ते मोजते, आणि ती खरोखर कामाची.

हाताचं सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातलं पाणी उतरायची वाट अरुंद होते. मग एखाद्या जखमेचं निमित्त होतं आणि हात सुजतो तो सुजतोच. तू किनाऱ्यावरची पोर, घरात रोज मासळी. मी काय करते बघ. विळीवर बसायच्या आधी डाव्या हातात जाड रबरी मोजा. शिंगाळ्याचा काटा आणि पापलेटच्या कडा यांना मी सर्वांत जास्त भिते. एकदा चुकून काटा गेला अंगठ्याच्या पेराशी. साबणाने धुतलं, औषध लावलं आणि विसरले. संध्याकाळी मनगटापर्यंत लाल पट्टा आला, हात गरम, रात्री थंडी वाजून ताप. सकाळी डॉक्टर म्हणाले, रात्रीच यायला हवं होतं. लाली, ऊब आणि ताप एकत्र आले की तेव्हाच अँटिबायोटिक लागतं, हळदीचा लेप लावून वाट बघायची नाही. आवणीला शेतात उतरलीस तरी मोजे घाल. रक्त काढायला, प्रेशर बघायला दुसरा हात पुढे कर. घट्ट बांगड्या त्या हातात नकोत.

शिलाईचा टेप घे. कोपराच्या वर दहा सेंटिमीटर आणि खाली दहा सेंटिमीटर, दोन्ही हातांना पेनाने खूण कर आणि घेर मोज. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी. वहीत लिही. दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर फिजिओथेरपीवाल्यांना दाखव, सुरुवातीला दाखवलं तर पट्टीने आणि व्यायामाने आवरतं. आणि खांदा. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर अजून पेन्सिलीच्या रेघा आहेत, तू विचारायचीस ना कुणाची उंची मोजलीय? काका त्या मुद्दाम पुसू देत नसत. त्या माझ्या बोटांच्या आहेत. भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, कोळ्यासारखी बोटं वर चढवायची, जिथे ओढ बसेल तिथे थांबून दहा मोजायचे आणि रेघ मारायची. पहिली रेघ खांद्याच्याही खाली आहे. शेवटची खुंटीच्या वर. मधे अडीच महिने गेले.

फाईल एकच ठेव. वर एक पान, स्वतःच्या अक्षरात मराठीत: केस नंबर, ऑपरेशनची तारीख, गाठ केवढी होती, काखेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि किती बाधित होत्या, ईआर, पीआर, हर-टू काय आलं, केमोची कुठली औषधं किती वेळा, शेक किती दिवस, कुठली गोळी कधी सुरू. आत ऑपरेशनचा कागद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, मूळ. हर-टूचं इंजेक्शन मिळालेल्यांना अधूनमधून हृदयाचा इको लागतो, तुझं ते निगेटिव्ह आहे, म्हणून तुला कुणी पॅकेजमध्ये तो घालून दिला तर कशासाठी हे विचार. आणि सगळ्यांत मागे एक कोरा कागद, त्यावर केलेल्या प्रत्येक सीटीची, स्कॅनची तारीख. तोच तुझा बॅज.

पैशाचं. जावईबापूंचं ईएसआय कापलं जात असेल तर आधी तिथल्या दवाखान्यातून संदर्भपत्र घ्यायचं, नंतर बिल दाखवून भागत नाही. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, केमो, शेक बसतात. नंतरच्या तपासण्यांतलं काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार, शेजारणीला नको. गाडीने जाताना दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, कागद हाताशी ठेव, कुणी हटकलं तर दाखव आणि वाद घालू नकोस. लांबून येणाऱ्यांना मुक्कामाला दादरची गाडगेबाबा धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आपल्याला लागत नाही, पण मोखाड्याची कुणी भेटली तर सांगायला लक्षात ठेव. आणि तपासणीच्या तारखा मागताना जुलै-ऑगस्ट टाळून माग. नालासोपाऱ्याला रुळावर पाणी आलं की आपण विरारच्या अलीकडे अडकतो आणि तारीख बुडते. मे आणि नोव्हेंबर, सतरा वर्षं मी हेच दोन महिने धरलेत.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस वाईट जातात. ते मला अजूनही जातात. मी त्या आठवड्यात पापड-लोणच्यासारखं हात गुंतवणारं काम काढते, आणि काका रात्री रेडिओ जरा मोठ्याने लावतात. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेव्हाच लिहून ठेव, तिथे गेल्यावर आठवत नाहीत. चारांपेक्षा जास्त लिहू नकोस. पहिला तो पेट स्कॅनचा लिही. जावईबापूंनाही बरोबर घे, म्हणजे उत्तर त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलं की कंपनीतल्या माणसाला तेच सांगतील.

गुरुवारी परळला जायला पहाटेची डहाणूहून येणारी लोकल पकडू. मी बोईसरला चढते, तुम्ही दोघं पालघरला चढा, पण तू बायकांच्या डब्याशी ये. बोईसरला बसायला मिळतं, पालघरला मिळत नाही. खिडकी डाव्या हाताला येईल अशी जागा धरून ठेवते, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला कुणाचा धक्का लागणार नाही.